उसनी घाण

जंतूंशी माझं उभ्या आयुष्याचं वैर आहे. ऑपरेशन थिएटरची मी मुख्य सिस्टर. सर्जन कितीही नावाजलेला असो, हात नीट धुतले नसतील तर मी त्याला दारातून मागे फिरवते, आणि तो मुकाट फिरतो. घरीही तोच खाक्या. माझ्या ओट्यावरची फडकी रोज उकळून निघतात म्हणून नवरा त्यांना 'तुझे पेशंट' म्हणतो. तेव्हा अण्णांची माशांची टाकी आमच्या घरी आणायचं ठरलं, तर ती आहे तशीच उचलून आणावी हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. पाणीपुरवठ्याच्या फिल्टर हाऊसवर त्यांची सगळी नोकरी झाली. सासूबाई गेल्यापासून स्वतःच्या घरात एकटेच राहत होते, आणि आम्ही 'या' म्हटलं की 'बघू' म्हणत होते. एक दिवस बाथरूममध्ये पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. पेपर टाकणाऱ्याला हाक ऐकू जाईपर्यंत ते तसेच ओल्या फरशीवर पडून होते.  आता या माणसाला एकटं राहू द्यायचं नाही, असं मी त्याच दिवशी मनाशी पक्कं केलं. कर्तव्यबिर्तव्य म्हणून नाही. मला ते आवडतात. मी ड्यूटीवरून आले की 'आज काय झालं?' असं विचारून उत्तर शेवटपर्यंत ऐकणारा आमच्या घराण्यात तो एकच माणूस आहे. माझा नवरा विचारतो आणि टीव्हीचा आवाज वाढवतो.

अण्णांनी हॉस्पिटलच्या खाटेवरून एकच अट घातली. मासे येणार असतील तर मी येतो, म्हणाले. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना.

नवऱ्याला घेऊन मी त्यांच्या घरी गेले. मासे तिथल्याच पाण्यासकट झाकणाच्या बादल्यांत काढले. इथवर सगळं बरोबर होतं. मग मी टाकीच्या तळाशी बघितलं आणि मला शिसारी आली. खड्यांमध्ये काळपट गाळ, काचेला हिरवा थर, आणि फिल्टरचा स्पंज तर असा बरबटलेला की आमच्या थिएटरात तसलं काही सापडलं असतं तर मी निम्म्या स्टाफला घरी पाठवलं असतं. बिचारे अण्णा, वयामुळे होत नसेल हातून, असं मला वाटलं. मी बाह्या सरसावल्या. खडे उकळत्या पाण्यातून तीनदा काढले. काच घासली. स्पंज आधी जंतुनाशकात बुडवला, मग उकळला, मग पिळून कडक उन्हात वाळवला. नळाचं पाणी माशांना चालत नाही, ते उघड्या पिंपात ठेवून त्यातलं औषध उडून जाऊ द्यावं लागतं, हे नवऱ्याला लहानपणापासून माहीत होतं. तेवढं मात्र आम्ही केलं. आमच्या हॉलमधल्या टेबलावर टाकी भरून दिवा लावला, तेव्हा पाणी आहे की नाही तेच कळत नव्हतं. अण्णा बघून खूश होतील म्हणून मला हॉस्पिटलात दम निघत नव्हता.

दोनएक दिवसांत मासे वर यायला लागले. तोंड पाण्याबाहेर काढून धापा टाकायचे. कल्ले लालभडक झाले होते, पर अंगाला चिकटले होते. मग एकेक करून आडवे व्हायला लागले. आधी गप्पी गेले, मग मॉली, मग तळाशी फिरणारे मिशीवाले. उरला एक मोठा, उभट, काळ्या पट्ट्यांचा एंजल, ज्याला अण्णा 'साहेब' म्हणत, कारण तो टाकीत तपासणीला आल्यासारखा सावकाश हिंडायचा. त्याच्याबरोबर दोन-चार लहानसहान. मी चमच्यानं मेलेले काढत होते आणि मला कळत नव्हतं की एवढ्या स्वच्छ पाण्यात मरायला झालं तरी काय.

नवरा म्हणाला, अण्णांना घरी यायला अजून अवकाश आहे, तेवढ्यात दुकानातून तसलेच आणून टाकू, सेम टू सेम मिळतात, त्यांना काय कळतंय. तो काही वाईट मनानं म्हणत नव्हता. त्याला भांडण नको असतं, एवढंच. पण मी नाही म्हटलं. आमच्या थिएटरात पेशंटच्या पोटात गेलेला कापडाचा बोळा बाहेर आला नाही तर 'आला' म्हणायची सोय नसते. नाही आला तर नाही आला म्हणायचं आणि सगळ्यांनी थांबायचं. मी तशीच वॉर्डात गेले आणि अण्णांच्या खाटेशी उभं राहून काय धुतलं, कसं धुतलं आणि कोण कोण मेलं ते सगळं सांगून टाकलं.

अण्णा छताकडे बघत ऐकत होते. संपल्यावर त्यांनी फक्त विचारलं, "स्पंजसुद्धा?"

"उकळून घेतला," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. उघडले ते माझ्याकडे नाही, माझ्या मागे येऊन उभ्या राहिलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघत. प्लास्टर निघालं की मला माझ्या घरी सोड, म्हणाले. त्याउपर त्या दिवशी ते माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत, आणि पुढेही कितीतरी दिवस नाही.

आमच्या घरी आले ते हॉलमधल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजले. मुलाशी बोलायचे. मी ताट ठेवलं की जेवायचे, औषध दिलं की घ्यायचे. पण माझ्यासाठी त्यांचं तोंड शिवलेलं. मला थिएटरात भलेभले टरकून असतात, आणि इथे मी एका म्हाताऱ्याच्या पाठीकडे बघत उभी राहायची. राग यायचा आणि रडूही यायचं. त्यांचा हट्ट मला माहीत होता. प्लास्टर निघालं की हा माणूस खरंच त्या घरात, त्याच ओल्या फरशीवर परत जाणार होता, आणि तेही माझ्यामुळे. मग मी ठरवलं की रडायचं नंतर. आधी जे मासे जिवंत आहेत ते जिवंत ठेवायचे. प्लास्टर निघेल तेव्हा टाकीत मासे पोहत असले, तर अण्णांना थांबा म्हणायला मला तोंड तरी राहील.

पण ठरवलं म्हणून अक्कल येतेच असं नाही. मी पहिल्यांदा केलं ते आणखी स्वच्छ. सगळं पाणी काढून नवं भरलं, काच पुन्हा पुसली. दुकानातून निळं औषध आणून ओतलं. पाणी शाईसारखं झालं आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक मासा आडवा. दुकानदाराकडे जाऊन मी त्याला उभाआडवा घेतला. तो माझ्यासारख्यांना सरावलेला होता. त्यानं शांतपणे टाकीतल्या पाण्याचा नमुना आणायला सांगितला, मी आणल्यावर एका नळीत घेतला, त्यात तपासणीचे थेंब टाकले. पाणी पिवळं राहिलं तर बरं, हिरवं झालं तर वाईट, म्हणाला. ते गर्द हिरवं झालं. मग त्यानं मला समजावलं. मासे पाण्यातच घाण करतात, तिचं विष होतं, आणि ते विष खाऊन टाकणारे जंतू स्पंजात आणि खड्यांत वस्ती करून असतात. ती वस्ती बसायला महिने लागतात. तुम्ही ती उकळलीत, बाई.

मी त्या नळीकडे बघत राहिले. पाणी आरशासारखं आणि त्यात विष. ज्यांच्या मागे मी हात धुऊन लागले होते ते जंतूच अण्णांच्या माशांना जगवत होते. असा कपाळमोक्ष माझ्यासारखीचाच व्हायचा. दुसरी कुणी आळशी बाई असती तर टाकी आहे तशी आणून ठेवली असती आणि मासे मजेत राहिले असते.

उपाय विचारला तर दुकानदार म्हणाला, रोज थोडं थोडं पाणी बदला, खाणं नावालाच टाका, हवेचा पंप चालू ठेवा, आणि जमलं तर कुणाच्या तरी जुन्या, चांगल्या चाललेल्या टाकीतला मळका स्पंज आणून लावा. मी म्हटलं, तुमचाच द्या. तो प्रामाणिक निघाला. माझ्या टाक्यांत सारखी औषधं पडतात, म्हणाला, तिथे कसली वस्ती. जुनी टाकी हवी असेल तर पंपवाले काकांकडे जा.

पंपवाले काकांचं नाव घरी काढलं तर नवऱ्यानं हातातला कप खाली ठेवला. ते अण्णांचे नोकरीतले जोडीदार. अण्णा फिल्टरवर, ते पंपावर. एके काळी दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे, आणि मग असं काही बिनसलं की गेली कित्येक वर्षं अण्णा त्यांचं नाव निघालं तरी उठून जातात. काय बिनसलं ते नवऱ्याला धड माहीत नव्हतं. माशांवरून काहीतरी, एवढंच. त्यांच्याकडून टाचणी आणलीस तरी अण्णा प्लास्टरसकट चालत जातील, म्हणाला. मी म्हटलं, जायचंच आहे त्यांना, मग मी कशाला घाबरू.

पंपवाले काका बनियनवर दार उघडायला आले. मी अण्णांची सून म्हटल्यावर त्यांचा चेहराच उतरला. त्यांना वाटलं मी काही वाईट बातमी घेऊन आलेय. तसं नाही म्हटल्यावर मला आत घेतलं. त्यांची टाकी भिंतभर होती, वनस्पतींनी गच्च, पाण्याला किंचित पिवळसर झाक, आणि मासे असे टवटवीत की मला हेवा वाटला. मी सगळं सांगितलं. उकळलेल्या स्पंजाचं ऐकून त्यांनी कानाला हात लावला, पण हसले नाहीत.

मग आपण होऊनच स्वतःचं सांगायला लागले. अण्णा आणि सासूबाई एकदा गावाला गेले तेव्हा टाकी यांच्यावर सोपवली होती. यांनी मायेनं मूठ मूठ खाणं टाकलं. खाणं कुजलं, पाणी नासलं, मासे मेले. अण्णा यायच्या आदल्या दिवशी यांनी दुकानातून हुबेहूब तसलेच मासे आणून सोडले आणि सगळं ठीक आहे म्हणून किल्ली परत दिली. अण्णांनी टाकीपुढे उभं राहून एकदा बघितलं आणि ओळखलं.

"मासे मेले म्हणून नाही गं तुटला तो," काका म्हणाले. "मी त्याला फसवलं म्हणून तुटला. मला नंतर जाऊन सांगता आलं असतं. नाही गेलो. लाज वाटली, मग ती लाज जुनी झाली."

मी विचारलं, मग मी तर सगळं सांगितलं, तरी माझ्याशी का बोलत नाहीत. ते म्हणाले, ते मला काय माहीत, पण तुझं काम माझ्यापेक्षा सोपं आहे. मग त्यांनी फिल्टर बंद करून त्यातल्या दोन स्पंजांपैकी एक काढला. तो आमच्या अण्णांच्या स्पंजापेक्षाही घाणेरडा होता. आपल्याच टाकीचं पाणी घेऊन एका डब्यात तो बुडवला आणि मला तंबी दिली. वाळू द्यायचा नाही, वाटेत रेंगाळायचं नाही, नळाखाली तर चुकूनही धरायचा नाही. पुढे कधी धुवावासा वाटलाच तर टाकीतून काढलेल्याच पाण्याच्या बादलीत दोनदा हलका दाबायचा, बस्स. आणि सगळे स्पंज एकदम कधीच धुवायचे नाहीत. नळाखाली धरलास तर माझ्या दारात परत येऊ नकोस, म्हणाले.

बसमध्ये डब्याचं झाकण जरा सैल निघालं. दोन बाकं पलीकडेपर्यंत तळ्याकाठचा वास सुटला. शेजारची बाई नाकाला रुमाल लावून माझ्याकडे असं बघत होती की जन्मात कुणी तसं बघितलं नव्हतं. मी डबा मांडीवर घट्ट धरून ताठ बसले. उतरताना कंडक्टर म्हणाला, मावशी, जपून. त्यालाही वाटलं असावं की सांडलं तर आपल्यालाच पुसावं लागेल.

घरी येऊन मी फिल्टर उघडला, माझा पांढराशुभ्र स्पंज काढून कचऱ्यात टाकला आणि काकांचा बसवला. चालू केल्याबरोबर टाकीत तपकिरी ढग सुटला. मी तोंड फिरवलं, पण हात मागे घेतला नाही. तेवढ्यात मागून पलंग करकरला. अण्णा कुशीवर वळले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचं तोंड खोलीकडे होतं.

"कुणाच्या टाकीतला हा?"

"पंपवाले काकांच्या."

"काढ तो."

मला खोटं बोलता आलं असतं, दुकानातला म्हणता आलं असतं. पण आता माझंही डोकं फिरलं होतं. "नाही काढणार," मी म्हटलं. "माझ्यावर राग आहे ना तुमचा? ठेवा. त्यांच्यावर आहे, तोही ठेवा, कुणी अडवलंय? पण त्या रागापायी यांचा जीव का घेता? यांनी काय घोडं मारलंय तुमचं? उठून काढता येत असेल तर काढा."

प्लास्टरमधल्या माणसाला असं बोलायला नको होतं. बोलले ते बोलले. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, टाकीकडे बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे वळले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं. स्पंज मात्र जागेवर राहिला.

मग माझी ड्यूटीआधीची एक ड्यूटी सुरू झाली. आदल्या दिवशी पिंपात भरून ठेवलेलं पाणी हातानं तपासायचं, फार गार असलं तर थोडं कोमट मिसळायचं. टाकीतलं पाव हिश्श्याच्या आसपास पाणी काढायचं, काढताना पाइपचं तोंड खड्यांवर फिरवून वरवरची घाण ओढून घ्यायची, खोल उकरायचं नाही. मग नवं पाणी तळाशी ठेवलेल्या ताटलीवर हळू ओतायचं म्हणजे तळ ढवळत नाही. खाणं बोटाच्या टोकावर राहील एवढंच, आणि ते सगळं संपतंय की नाही ते उभं राहून बघायचं. खिडकीतून ऊन थेट टाकीवर येत होतं आणि काच हिरवी पडत होती, तर मी तिथे जाड पडदा लावला. काच घासायचा हात फार शिवशिवायचा. मी तो हात पाठीमागे बांधून उभी राहायची. खरंच सांगते, काहीच न धुणं हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम होतं.

पाणी काढायचा पाइप मी तोंडानं ओढून चालू करायची. एकदा जरा जास्तच ओढलं गेलं आणि माशांच्या पाण्यानं माझं तोंड भरलं. मी थू थू करत बेसिनकडे धावले. परत येते तर पलंगावर अण्णांची पाठ हलत होती. मला वाटलं ठसका लागला. ते हसत होते. मग त्यांनी भिंतीलाच सांगितलं, "पाइप आधी अख्खा पाण्यात बुडवायचा. भरला की एका टोकाला अंगठा लावून ते टोक बादलीत सोडायचं. तोंड कशाला घालायचं त्यात?"

मी भिंतीलाच 'बरं' म्हटलं आणि तसं केलं. पाणी आपोआप वाहायला लागलं.

त्यानंतर भिंतीला अधूनमधून कंठ फुटायचा. पंपाच्या बुडबुड्यांचा आवाज चुकीचा येतोय, नळी कुठेतरी मुडपली असेल. पाण्यात एखादी साधी वेल सोड, ती निम्मं काम करेल. झाकण पूर्ण बंद करू नकोस. ते सांगतील ते मी करायची आणि काही बोलायची नाही, कारण बोलले तर भिंत पुन्हा मुकी होईल अशी मला धास्ती वाटायची. साहेब अजून कोपऱ्यात तिरका होऊन धापा टाकत होता. रोज ड्यूटीवरून आले की मी जिना धावतच चढायची. टाकीपुढे उभी राहून आधी त्याचे कल्ले हलताहेत का बघायची आणि मग चपला काढायची.

दुकानातून आणलेल्या तपासणीच्या नळीतले थेंब रोज हिरवेच व्हायचे. मग एकदा जरा पोपटी झाले. माझे डोळे मला फसवताहेत असं वाटून मी नवऱ्याला दाखवलं, तर तो म्हणाला, हिरवंच आहे की. त्याला रंगातलं काही कळत नाही, त्यानं आमच्या बेडरूमला दिलेला रंग बघून कुणीही सांगेल. पुढे मध्येच दोन दिवस पुन्हा गर्द झालं आणि माझा धीर खचला. थिएटरात मी उगाचच सगळ्यांवर खेकसले. पण पाणी काढणं, भरणं चालूच ठेवलं. म्हटलं, मरायचंच असेल तर माझ्या हातात बादली असताना मरा.

आणि मग एका रविवारी पाणी पिवळं राहिलं. मी थांबले, नळी हलवली, पुन्हा थांबले. पिवळंच. साहेब कोपरा सोडून मध्ये आला होता आणि एका पानाखाली डोकावून बघत होता. मी नळी घेऊन पलंगापाशी गेले आणि अण्णांच्या नाकासमोर धरली. त्यांनी चष्मा मागितला, उजेडाकडे धरून बघितलं आणि परत दिली.  त्या दिवसापासून ते टाकीकडे तोंड करून निजायला लागले. मी मनात म्हटलं, आता थांबतील. तोंडानं विचारायची मात्र माझी छाती झाली नाही.

प्लास्टर काढायच्या दिवशी मी त्यांच्यासोबत जाणार होते, आणि नेमकी सकाळी एक मोठी केस आली. ती लांबतच गेली. नवऱ्यानं त्यांना नेलं. मी घरी पोचले तर पलंगावरची चादर घडी करून ठेवलेली, काठी नाही, त्यांची बॅग नाही. नवरा म्हणाला, हट्टच धरला, परस्पर घरी सोड म्हणाले, सोडून आलो.

"आणि तू सोडलंस?" मी विचारलं. तो काहीतरी सांगायला लागला, पण मला ऐकू येत नव्हतं. टाकी टेबलावर तशीच होती. साहेब हिंडत होता, बुडबुडे येत होते. मासे इथेच होते आणि अण्णा नव्हते. म्हणजे आपले मासेसुद्धा नकोत इतकं त्यांनी मला तोडलं होतं. एवढे दिवस घाण काढली, घाण सांभाळली, तोंडात घेतली, आणि या माणसानं जाताना मी परत येईपर्यंतही दम धरला नाही. मी स्कूटरची किल्ली घेतली. नवरा विचारत होता कुठे चाललीस. मी म्हटलं, भांडायला.

वाटेत मी सगळं जुळवून घेतलं होतं. तुम्ही पडलात तेव्हा माझं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे का, हे पहिलं. मी तुम्हाला फसवलं नव्हतं, हे दुसरं. आणि तुम्ही यायचं नाही म्हणत असाल तर मी इथे येऊन राहते, नवऱ्याला करू दे स्वयंपाक, हे शेवटचं. ते मी खरंच करणार होते.

त्यांच्या घराचं दार सताड उघडं होतं. आत हॉलमध्ये अण्णा खुर्चीवर बसले होते, काठी गुडघ्यांत, बॅग शेजारी, न उघडलेली. आणि भिंतीपाशी, टाकीच्या रिकाम्या लोखंडी स्टँडपुढे, पंपवाले काका गुडघ्यांवर बसून पाना फिरवत होते. दोघांत मैलभर शांतता. मला बघून काकांना एवढं बरं वाटलं की त्यांनी पाना खालीच ठेवला. याचा फोन आला, काका म्हणाले, 'स्टँड भिंतीतून सोडवायचाय, ये' एवढंच म्हणाला आणि ठेवला. आल्यापासून एक अक्षर बोलला नाही.

अण्णा मला म्हणाले, "त्याला सांग, डावीकडचा नट आधी सैल कर म्हणावं."

काका मला म्हणाले, "त्याला सांग, तो गंजलाय."

मी दारातच उभी होते. जुळवून आणलेलं एकही वाक्य आठवेना. हे काय चाललंय, एवढंच मी कसंबसं विचारलं.

"दिसत नाही का? स्टँड न्यायचाय," अण्णा म्हणाले. "भरलेली टाकी त्या तुझ्या टेबलावर चार दिवस ठीक आहे. कायमची ठेवायची तर टेबल वाकेल, काच तडकेल. मुलाला सांगितलं असतं तर तो उद्या बघू म्हणाला असता, म्हणून बॅग घेऊनच निघालो."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि दोघा म्हाताऱ्यांसमोर हमसून हमसून रडले. काका इकडेतिकडे बघायला लागले. अण्णांनी मला रडू दिलं. बऱ्यापैकी आटपल्यावर त्यांनी काठीनं स्टँडकडे दाखवलं.

"झालं असेल तर ये, ती बाजू धर," ते म्हणाले. "म्हातारा झालाय तो. एकट्याला पेलायचं नाही."